पावसाळ्यात हवेत आरपीएम उतरतो, जमिनीवर इंजिन ठणठणीत: कार्ब्युरेटरमधला बर्फ कसा ओळखायचा

ज्यांच्या वाट्याला ही तक्रार आली आहे ते लगेच ओळखतील. सेसना १५२ हे छोटं विमान, ढगाळ दुपार, पाऊस नुकताच उघडलेला. थ्रॉटलला (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला) कुणी हात लावलेला नाही, तरी आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा हळूहळू खाली येतोय. २३५०, २३००, २२५०. मग इंजिन किंचित थरथरायला लागतं. कसंबसं सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरून विमान हँगरला लावलं, काउलिंग उघडलं, इंजिन चालवून पाहिलं, तर काहीच बिघाड नाही. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग (बिघाडाची तक्रार) लिहिला जातो, त्याखाली ‘ग्राउंड रन केला, समाधानकारक’ अशी नोंद होते. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

मी ज्या विमानावर हा प्रकार पुरता अनुभवला ते एका खासगी मालकाचं होतं. एका पावसाळ्यात त्याच्या लॉगमध्ये पाठोपाठ तीन वेळा तोच स्नॅग पडला. प्लग साफ झाले, त्यांना ठिणगी देणारे मॅग्नेटो तपासले, एअर फिल्टर बदलला. आमचे एएमई, म्हणजे विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर, अतिशय कसून काम करणारे. तेसुद्धा शेवटी वैतागले. “सर, काहून घडीघडी हेच लिहिता? काही सापडत नाही जी!” त्यांचंही बरोबर होतं. बिघाड जिथे होता तिथे बर्फ होता, आणि विमान धावपट्टीवरून हँगरपर्यंत येईतो तो वितळून इंजिनातून निघूनही गेलेला असायचा. काउलिंग उघडल्यावर पाहायला काही उरतच नव्हतं.

नागपुरात बर्फ म्हटलं की पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची असते. मेमध्ये ४५ अंश तापणाऱ्या गावात इंजिनात बर्फ कसा जमेल? या अविश्वासामुळेच इथला वैमानिक कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, नॉब उशिरा ओढतो. म्हणून हे नागपूरच्या भाषेत सांगतो.

कूलर आणि कार्ब्युरेटर

आपल्या घरातला खसच्या ताट्यांचा कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. मेमध्ये हवा कोरडी असते, पाणी झपाट्यानं उडतं, खोली थंड होते. मृगाचा पाऊस पडला की हाच कूलर नुसता चिकट वारा फेकायला लागतो, कारण हवेत आधीच पाणी भरलेलं असतं, आणखी वाफ मावत नाही. आठवडाभरात कूलर खिडकीतून उतरवून ठेवला जातो.

कार्ब्युरेटर इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळतो. तिथे पाण्याच्या जागी पेट्रोल उडतं. हवेत पाण्याची वाफ कितीही असली तरी पेट्रोलची नसते, त्यामुळे पेट्रोल पावसाळ्यातही तितक्याच जोमानं उडतं. इंजेक्शन देण्याआधी दंडाला लावलेलं स्पिरिट भर पावसातही गार लागतं, तसंच. शिवाय व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं जाताना तिचा दाब पडतो आणि तापमान आणखी उतरतं. मोठा वाटा बाष्पीभवनाचा, थोडा दाबाचा. दोन्ही मिळून आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा तीस-पस्तीस अंशांनी खाली जाऊ शकतं. बाहेर २६ अंश असताना आत शून्याच्या खाली.

मे महिन्यातही हा गारवा तयार होतोच, पण तेव्हा गोठायला हवेत पुरेसं पाणी नसतं. जुलैत असतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक खूण सांगतो: घरचा कूलर काम करेनासा झाला, त्या आठवड्यापासून कार्ब हीटच्या बाबतीत सावध व्हायचं.

चहाच्या टपरीवर मोठी शेगडी सकाळपासून धडधडत असते. पावसाळ्यात तिथल्या गॅस सिलिंडरच्या बुडाशी कधी वाकून पाहा. पांढरा थर चढलेला दिसेल, बोट फिरवलं तर खरवडला जातो. द्रवाची वाफ होताना सिलिंडर इतकं गार झालेलं असतं आणि हवेतलं पाणी त्यावर येऊन गोठतं. थ्रॉटलच्या बटरफ्लाय झडपेवर नेमकं असंच होतं. फरक एवढाच की सिलिंडरच्या थरानं चहा अडत नाही, झडपेवरच्या थरानं इंजिनाचा श्वास अडतो. हवेची वाट अरुंद होत जाते, आणि काटा खाली येतो त्याचं कारण हेच.

नागपुरात कधी सांभाळायचं

अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या मार्गदर्शनानुसार तापमान २१ अंशांखाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर धोका जास्त. पण ३८ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असतानाही बर्फ धरू शकतो, हेही त्यात स्पष्ट आहे. आपण बहुतेक जण पहिलं वाक्य लक्षात ठेवतो आणि दुसरं विसरतो. नागपूरचं जुलै ते सप्टेंबर या दुसऱ्या वाक्यात बसतं.

आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा मेटारमधला (विमानतळाच्या हवामान अहवालातला) तापमान आणि दवबिंदूचा जोड पाहणं सोपं. २६/२४ असा आकडा दिसला म्हणजे दोघांत दोनच अंशांचं अंतर. अशा हवेत क्रूझ पॉवरला (सरळ उडतानाच्या ताकदीला) तुलनेनं थोडा बर्फ धरतो, पण पॉवर कमी करून खाली येताना तो झपाट्यानं जमतो. थ्रॉटल मिटत आणलं की झडपेच्या कडेशी फट आधीच लहान असते, दाब तिथे जास्त पडतो, आणि थोडासा बर्फसुद्धा ती फट बुजवायला पुरतो. त्यात इंजिन कमी तापतं, म्हणजे कार्ब हीटला मिळणारी ऊबही कमी.

दुसरा काळ डिसेंबर-जानेवारीच्या सकाळचा, विशेषतः अवकाळी पावसानंतर किंवा धुकं नुकतंच विरलेलं असताना. डिसेंबर २०१८ च्या शेवटी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एरवी पहाटे दहा-बारा अंश ही नेहमीची गोष्ट. १२/१० अशा हवेत क्रूझ पॉवरलाही बर्फ धरतो, खाली येण्याची वाट पाहत नाही.

मेमधली दुबळी चढण हा वेगळा आजार आहे, त्याची यात गल्लत करू नका. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १०३० फुटांवर. ४४ अंशांना घनता-उंची, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, पावणेपाच हजार फुटांच्या आसपास जाते. इंजिन निरोगी असतं, हवाच विरळ असते. तिथे कार्ब हीट ओढलंत तर उरलीसुरली ताकदही जाईल.

हवेत असताना

फिक्स्ड पिच प्रोपेलर (पात्यांचा कोन कायम) असेल तर पहिली खूण आरपीएम उतरण्याची. कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर असेल तर गव्हर्नर पात्यांचा कोन बदलून आरपीएम धरून ठेवतो, त्यामुळे मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) पाहायचं. थरथर नंतर येते. थरथरीची वाट पाहत बसू नका.

काटा विनाकारण खाली आला की आधी थ्रॉटलकडे पाहा. घर्षणाचं चाक सैल असेल तर थरथरीनं थ्रॉटल आपोआप मागे सरकतं. हे इतकं साधं कारण अनेकदा बर्फाच्या नावावर खपतं. थ्रॉटल जागच्या जागी असेल तर कार्ब हीटचा नॉब पूर्ण बाहेर ओढायचा.

आता पुढे जे होतं ते नीट समजून घ्या, कारण नेमक्या याच ठिकाणी माणसं चुकतात.

ऑगस्टमधली गोष्ट. विद्यार्थ्याला घेऊन रामटेकहून परतत होतो. खिंडसीचं पाणी मागे पडलेलं, उंची अडीच हजार फूट, वर राखाडी ढगांचं छत. आरपीएम २३०० वरून २१५० वर आला. पोरानं बरोबर ओळखलं आणि नॉब ओढला. काटा आणखी खाली गेला, २०५०, आणि इंजिन खोकल्यासारखं हिसके द्यायला लागलं. त्याचा हात आपोआप नॉब परत आत ढकलायला गेला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. “थांब. राहू दे.” इंजिनानं अजून दोन-तीन आचके दिले. त्या काही सेकंदांत त्याचा श्वास मला हेडसेटमध्ये ऐकू येत होता. मग काटा चढायला लागला. २१००, २२००. आवाज एकसुरी झाला. थोडं थांबून नॉब आत केला तेव्हा काटा २३५० वर गेला, म्हणजे काटा जिथून घसरायला लागला असं आम्हाला वाटलं होतं त्या २३०० च्याही वर. बर्फ आम्हाला दिसण्याच्या बराच आधीपासून जमत होता, हे त्या पन्नास आरपीएमनी सांगितलं.

नॉब ओढल्यावर आरपीएम पडणं अपेक्षितच आहे. गरम हवा विरळ, मिश्रण दाट होतं. बर्फ असेल तर तो वितळून पाणी होतं, ते पाणी इंजिन गिळतं आणि खोकतं. हा खोकला म्हणजे इलाज लागू पडतोय. बर्फ नसेल तर आरपीएम पडतो आणि तिथेच राहतो. पडून मग चढला तर बर्फ होता. जमिनीवर कधीच न सापडणारा पुरावा तुम्हाला हवेत या काही सेकंदांतच मिळतो.

अर्धवट ओढायचा नाही. कार्ब्युरेटर टेम्परेचर गेज नसेल तर अर्ध्या उबेनं नेमकं काय होतंय हे कळायला मार्ग नाही. खूप थंड, कोरड्या हवेत अर्धी ऊब आतलं तापमान उलट गोठण्याच्या पट्ट्यात आणून ठेवू शकते. बर्फ गेल्यानंतर पुढच्या प्रवासात किती ठेवायचं, मिश्रण किती लीन (पेट्रोल कमी) करायचं, हे तुमच्या विमानाच्या हँडबुकात दिलेलं असतं आणि तेच अंतिम.

उशीर का करायचा नाही, हेही सांगतो. कार्ब हीटला ऊब मिळते ती एक्झॉस्टच्या मफलरभोवतीच्या आवरणातून. इंजिन बंद पडलं की मफलर गार व्हायला लागतो आणि तुमच्या हातातलं एकमेव औषध संपत जातं. इंजिन बसलंच, तर कार्ब हीट ओढलेलंच राहू द्या, वेग सांभाळा (१५२ ला ६० नॉट), आणि जागा निवडा. पावसाळ्यात भंडाऱ्याच्या बाजूला धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या असतात, त्यात चाक रुतून विमान पालथं होण्याची भीती. हिंगणा, बुटीबोरीकडची सोयाबीनची शेतं मऊ असली तरी त्यातल्या त्यात बरी. उड्डाणाआधी घरी नकाशावर हे पाहून ठेवावं.

खाली येताना थ्रॉटल कमी करण्याच्या आधी कार्ब हीट पूर्ण, मग थ्रॉटल. लांब उतरण असेल तर अधूनमधून थ्रॉटल उघडून इंजिनाला ऊब द्यायची. गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) करावं लागलं तर थ्रॉटल पूर्ण आणि त्यापाठोपाठ कार्ब हीट आत. हे विसरलं की चढण मंदावते, आणि झाडं जवळ असताना ती परवडत नाही.

जमिनीवर

बर्फ जमिनीवरही धरतो, यावर फार कमी लोक विश्वास ठेवतात. ओलं गवत, नुकता थांबलेला पाऊस, आणि एअरलाइनची दोन विमानं उतरेपर्यंत होल्डिंग पॉइंटवर (धावपट्टीआधी थांबण्याच्या जागी) दहा-पंधरा मिनिटं आयडलवर, म्हणजे इंजिन अगदी मंद ठेवून, उभं राहणं. थ्रॉटल जवळजवळ मिटलेलं, म्हणजे बर्फाला अगदी हवी तशी स्थिती. रन-अपमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीत, केलेली तपासणी तोपर्यंत शिळी झालेली असते. धावपट्टीवर जाण्याआधी पुन्हा एकदा दहा-पंधरा सेकंद कार्ब हीट ओढून पाहा, काटा पडून चढला तर आत बर्फ होता. मग नॉब आत, आणि धाव सुरू होतानाच आरपीएम पाहा. १५२ ला स्थिर अवस्थेत पूर्ण थ्रॉटलवर २२८० ते २३८० मिळायला हवा. त्याहून कमी असेल तर थ्रॉटल मिटा आणि परत या.

मात्र गरम हवा फिल्टरमधून येत नाही. कोरड्या दिवसांत धुळीच्या एप्रनवर (विमानं उभी करण्याच्या जागेवर) नॉब ओढून उभं राहिलात तर ती सगळी धूळ इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाते.

औषधच निकामी असेल तर

आता त्या तीन स्नॅगच्या विमानाकडे वळतो. तिसऱ्या वेळी मी स्वतः त्यात होतो. कार्ब हीट पूर्ण ओढलं, काटा जेमतेम वीस-पंचवीसनं हलला, आणि पुढे काहीच सुधारलं नाही. उरलेल्या ताकदीवर विमानतळाभोवतीच्या सर्किटपर्यंत आलो आणि उतरलो. त्या रात्री मला बर्फापेक्षा तो लहानसा ड्रॉप जास्त टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी एएमईंना म्हटलं, इंजिन सोडा, फक्त कार्ब हीटचा रस्ता पाहू. मफलरच्या आवरणापासून एअरबॉक्सपर्यंत (तिथून हवा कार्ब्युरेटरमध्ये जाते) एक नारिंगी होज जातो, आत तारेची वेटोळी असलेला. वरून तो नव्यासारखा दिसत होता. त्यांनी खालून आरसा धरला, टॉर्च मारली, मग बोटांनी चाचपलं. इंजिन माउंटच्या नळीला घासून घासून होजच्या खालच्या बाजूला त्यांचं अख्खं बोट जाईल एवढी चीर पडली होती. मफलरकडून येणाऱ्या गरम हवेत तिथून बाहेरची गार, ओली हवा मिसळत होती. नवा होज बसवला, घासण्याच्या जागी क्लॅम्पनं अंतर ठेवलं. १७०० आरपीएमला नॉब ओढला तर ऐंशीचा ड्रॉप. रामटेकची वर सांगितलेली गोष्ट याच विमानाची, होज बदलल्यानंतरची. जुन्या होजनं त्या दिवशी आम्ही कुठे उतरलो असतो, हा विचार मी अनेकदा केला आहे.

आम्हा सगळ्यांची चूक अशी झाली की रन-अपमध्ये काटा हलला म्हणजे तपासणी झाली, असं आम्ही धरून चाललो होतो. किती हलला हे कुणी लिहीत नव्हतं. तुमच्या विमानाचा निरोगी ड्रॉप किती, हा आकडा कागदावर हवा. नेहमी ऐंशी असणारा ड्रॉप चाळीसवर आला तर होज, एअरबॉक्समधल्या झडपेचा कडेचा पट्टा, तिच्या बिजागरीची झीज आणि केबलचा ढिलेपणा, एवढ्या चार जागा पाहा. नॉब बाहेर आला म्हणजे झडप पूर्ण फिरली, असं नसतं. एकानं आत नॉब ओढावा आणि दुसऱ्यानं बाहेरून झडप टेकते का ते डोळ्यांनी पाहावं. मफलरच्या आवरणाखाली तडे आहेत का हेही त्याच वेळी बघून घ्या, कारण तिथून एक्झॉस्टचा वायू केबिनच्या हीटरमध्येही जाऊ शकतो.

बर्फ नसेल तर

पावसाळ्यात बर्फासारखंच सोंग घेणारी दुसरी गोष्ट म्हणजे टाकीतलं पाणी. सेसनाच्या टाक्यांची झाकणं पंखांच्या वर असतात. रबरी सील जुनं झालं की उघड्यावर उभ्या विमानात पाऊस थेट आत झिरपतो. १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर दिसतं, पाणी तळाशी रंगहीन बुडबुड्यासारखं बसतं. प्रत्येक ड्रेनमधून नमुना घ्या, आणि नमुना पूर्ण रंगहीन दिसला तर ‘स्वच्छ आहे’ म्हणून टाकून देऊ नका, तो अख्खा पाण्याचाच असू शकतो. पाण्यानं इंजिन अचानक अडखळतं. बर्फानं ताकद हळूहळू उतरते. एका मॅग्नेटोवर थरथर आणि दुसऱ्यावर नाही, तर प्लगकडे जा. नॉब ओढताच फक्त सुधारणाच झाली, खोकला नाही, तर एअर फिल्टर तुंबल्याचा संशय घ्या, कारण गरम हवा त्याला वळसा घालून येते.

इंजिनाच्या रचनेवरही बरंच अवलंबून. १५२ च्या लायकॉमिंग ओ-२३५ मध्ये कार्ब्युरेटर तेलाच्या संपला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) जोडलेला असल्यानं त्याला थोडी ऊब मिळते. जुन्या १५० च्या कॉन्टिनेंटल ओ-२०० ला ती मिळत नाही, तो बर्फाला लवकर बळी पडतो. सेसना १७२ एसमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, कार्ब्युरेटरच नाही. त्यावर शिकलेली मुलं १५२ वर येतात तेव्हा त्यांच्या हाताला कार्ब हीटची सवयच नसते, त्यांना पहिल्याच दिवशी हे दाखवावं. मायक्रोलाइटवाल्यांनी पंपावरचं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल भरण्याआधी इंजिन कंपनीची मर्यादा वाचावी. रोटॅक्स ९१२ या इंजिनाला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं. त्यात इथेनॉल उडताना जास्त उष्णता ओढतं आणि पाणीही धरून ठेवतं.

आणि स्नॅग लिहिताना ‘हवेत आरपीएम कमी’ एवढंच लिहून सही करू नका. त्या वेळचं तापमान आणि दवबिंदू, उंची, थ्रॉटल कुठे होतं, कार्ब हीट ओढल्यावर काटा किती पडला, खोकला आला का, किती सेकंदांनी चढला, नॉब आत केल्यावर कुठे थांबला, हे सगळं लिहा. आमच्या त्या तीन स्नॅगच्या तारखा काढून जुन्या मेटारशी ताडून पाहिल्या, तेव्हा तिन्ही दिवशी तापमान आणि दवबिंदूत तीन अंशांहून कमी अंतर होतं. हे पहिल्याच नोंदीत लिहिलेलं असतं, तर होज तीन आठवडे आधी बदलला गेला असता.